रडीचा डाव नेमका कोणाचा?

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ मध्ये आर्केडमध्ये आला. निवडायला आठ लढवय्ये, एक जॉयस्टिक, सहा बटणे आणि समोर संगणकाऐवजी हाडामांसाचा प्रतिस्पर्धी, एवढ्या भांडवलावर त्याने जगभरातील पोरांना वेड लावले. या खेळाच्या इतिहासात एक भांडण अगदी आरंभापासून आहे आणि ते आजही मिटलेले नाही. यंत्र जे जे करू देते ते ते करून जिंकावे, की आपल्याला रुचेल, शोभेल असेच खेळावे? वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न वाटतो. इतिहास चाळला की लक्षात येते, तो बराचसा नाण्याचा, जागेचा आणि तोच प्रतिस्पर्धी उद्या पुन्हा भेटणार की नाही याचा प्रश्न आहे.

भांडणाचे मूळ एका साध्या डावात होते. त्याचे नाव थ्रो. या खेळात जॉयस्टिक मागे ओढून धरली की समोरून येणारा ठोसा अडवला जातो. असा बचाव फोडण्यासाठी जवळ जाऊन प्रतिस्पर्ध्याला धरून आपटण्याची सोय ठेवलेली आहे. ती नसती तर थोडीशी आघाडी मिळालेला खेळाडू वेळ संपेपर्यंत बचावातच बसून राहिला असता. म्हणजे थ्रो हा खेळाचा कणाच. पण खेळाडूंनी लवकरच त्यातून एक युक्ती काढली. हलकीशी लाथ मारायची, समोरच्याने ती अडवली की तो सावरण्याआधीच त्याला धरून आपटायचे, तो उठला की पुन्हा तेच. नुकतेच नाणे टाकून उभ्या राहिलेल्या नवख्याच्या दृष्टीने ही लूटच होती. कोपऱ्यात उकिडवा बसून, कोणी उडी मारून येईल याची वाट पाहत राहणारा गाइलही असाच बदनाम झाला. अमेरिकी आर्केडमध्ये या साऱ्यासाठी एक शिवी रूढ झाली : 'चीप'. हलक्या प्रतीचे, बिनकष्टाचे.

मराठीत अशा वेळी 'रडीचा डाव' म्हणतात, आणि त्या शब्दात एक मौज दडलेली आहे. हा आरोप भलत्या मार्गाने डाव मारणाऱ्यावर होतो, तसाच हरल्यावर कुरकुर करणाऱ्यावरही होतो. थ्रो मारणारा रडी, की थ्रो खाल्ल्यावर 'हे चालणार नाही' म्हणणारा रडी? पुढच्या तीस वर्षांचा वाद या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिला.

त्या काळच्या आर्केडचे अर्थकारण समजून घेतले तर कुरकुर करणारा अगदीच मूर्ख ठरत नाही. अमेरिकेत लढतीसाठी साधारणपणे पंचवीस सेंटचे नाणे लागे. यंत्राच्या काचेच्या कडेला नाणे ठेवले की पुढचा नंबर राखला जाई. जिंकणारा खेळत राही, हरणारा पैसे भरी. दोघे एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे असत आणि रोज संध्याकाळी जमणारी टोळीही बहुधा तीच असे. अशा ठिकाणी नवख्याला लागोपाठ आपटून काढले तर तो उद्या येत नाही. फार चिडला तर आजच गचांडी धरतो. 'इथे थ्रो मारायचा नाही' हा नियम म्हणूनच जन्माला आला. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि चार रस्ते पलीकडच्या आर्केडमध्ये तो लागू असेलच असेही नव्हते. गावकीच्या रिवाजासारखा तो त्या जागेपुरता होता आणि एकमेकांना रोज तोंड दाखवावे लागणाऱ्यांनी तो आपापसांत पाळला होता.

या रिवाजाची बाजू घेणारे एक कारण नेहमी देत : खेळ बनवणाऱ्यांना असे खेळणे अभिप्रेत नव्हते. हे कारण मात्र टिकत नाही. 'स्ट्रीट फायटर टू'ची सर्वांत गाजलेली गोष्ट, म्हणजे एका फटक्यात दुसरा फटका गुंफून समोरच्याला सावरूच न देणारा 'कॉम्बो', हीसुद्धा मुळात अभिप्रेत नव्हतीच. निर्माते नोरिताका फुनामिझू मोटार फोडण्याचा मधला टप्पा तपासत असताना त्यांना आढळले की अचूक क्षण साधला तर दोन फटक्यांच्या मधे आणखी एक बसवता येतो. ती एक चूक होती. साधायला फार अवघड आहे, कोणाच्या फारशी लक्षात येणार नाही, असे समजून त्यांनी ती तशीच राहू दिली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक फायटिंग गेमचा पाया त्या चुकीवर घातला गेला. कर्त्याच्या हेतूवर नीती उभारायची ठरवली तर थ्रोच्या आधी कॉम्बो बाद करावा लागेल.

कॅपकॉमचे कान या भांडणाकडे नव्हते असे नाही. १९९४ मध्ये आलेल्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'मध्ये (खेळाडू त्याला नुसते 'सुपर टर्बो' म्हणतात) थ्रो खाणाऱ्याने वेळीच बटण दाबले तर मार निम्मा करून घेण्याची सोय दिली गेली. पण त्याच आवृत्तीत कंपनीने एक नवे संकट स्वतःच्या हाताने आणून ठेवले. त्याचे जपानमधले नाव गोकी, बाहेर तो अकुमा. गुप्त संकेत वापरूनच निवडता येणारे हे पात्र उडी मारून हवेतून तिरके अग्निगोळे फेके आणि त्याला कित्येक पात्रांकडे उत्तरच नव्हते. अमेरिकी स्पर्धांनी अकुमावर बंदी घातली. जे यंत्र देते ते सारे चालते, असे म्हणणाऱ्यांनीही ती मान्य केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या पंथाचा सर्वांत धारदार प्रवक्ता म्हणजे डेव्हिड सर्लिन. हा अमेरिकी स्पर्धक पुढे गेम-रचनाकार झाला. 'प्लेइंग टू विन' या नावाने त्याने आधी लेख लिहिले, मग त्यांचे पुस्तक केले. त्याच्या लिखाणातला 'स्क्रब' हा शब्द या जगात कायमचा रुतला. सर्लिनचा स्क्रब म्हणजे कच्चा खेळाडू नव्हे. जो स्वतःच मनाने नियम रचतो, त्या नियमांमुळे हरतो आणि वर हरल्यावर नैतिक विजयाचा दावा करतो, तो स्क्रब. थ्रो 'चीप' असेल तर त्यावरचा तोड का शोधत नाहीस, असा त्याचा रोकडा सवाल होता. तोड शोधला की समोरचा आणखी काही शोधतो, तुलाही पुढे जावे लागते आणि खेळ खोल होत जातो. नियम रचणारा मात्र उथळ पाण्यातच पाय आपटत बसतो.

बंदीबाबत सर्लिनच्या अटी तीन : ती अमलात आणता यावी, तिची सीमा स्पष्ट असावी आणि तिची खरोखरच गरज असावी. 'फार थ्रो मारू नका' ही बंदी पहिल्याच अटीला अडते, कारण फार म्हणजे किती, हे पंच कसे ठरवणार? 'अकुमा निवडू नका' ही तिन्ही अटींत बसते. तर्क बिनतोड आहे. त्याची एकच अडचण, तो गृहीत धरतो की खेळाचे खरे घर स्पर्धा हेच आहे. शेजारच्या गल्लीतल्या चौघांसोबत संध्याकाळ घालवायला आलेला मुलगा मुळात त्या स्पर्धेत उतरलेलाच नव्हता. त्याला स्क्रब ठरवणे म्हणजे अंगणातल्या क्रिकेटला 'एक टप्पा आउट' हा नियम आयसीसीच्या पुस्तकात नाही म्हणून हसण्यासारखे आहे.

जपानमध्ये मात्र सर्लिनच्या तर्काला खरी ठेच लागते. 'सुपर टर्बो'मध्ये गुप्त संकेताने आदल्या आवृत्तीतली पात्रेही निवडता येतात. त्यांतला 'जुना सगाट' भयंकर आहे : त्याचे टायगर शॉट वरून आणि खालून एकामागून एक इतक्या झपाट्याने येतात की अवजड पात्रांना जवळ पोहोचणेच दुरापास्त होते. अमेरिकेत तो खुला राहिला. जपानमध्येही त्याच्यावर लेखी बंदी नव्हती, तरी तिथले नामांकित खेळाडू आपसूकच त्याला टाळत. सर्लिनने स्वतः या प्रकाराची नोंद 'सौम्य बंदी' म्हणून केली आहे. विशेष म्हणजे जपानी आर्केडमध्ये दोन यंत्रे पाठीला पाठ लावून जोडलेली असत, प्रतिस्पर्ध्याचा चेहराही दिसत नसे. गचांडी धरली जाण्याची भीती नसताना संयम कुठून आला? अमेरिकी आर्केड एकामागून एक बंद पडत होती, तेव्हा जपानमधली टिकून होती. तीच माणसे तोच खेळ वर्षानुवर्षे खेळत राहिली. शिवाय तिथल्या कायद्याने स्पर्धांतल्या रोख बक्षिसांना बराच काळ लगाम घातलेला होता. पैसा थोडा आणि सहवास दीर्घ, अशा ठिकाणी सगाट निवडून जिंकलेल्याच्या पदरात फारसे काही पडत नव्हते, आणि रोजच्या मैफलीचा रंग मात्र जात होता.

भारतीय वाचकाला ही कोंडी अनोळखी नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावबाद केले. नियमात ते बसत होते, तरी मांकड यांचे नाव पुढची कित्येक दशके जणू अपराधाचे नाव म्हणून वापरले गेले. एमसीसीने ही तरतूद 'अनुचित खेळा'च्या कलमातून काढून धावबादच्या कलमात नेली ती २०२२ मध्ये. ब्राऊन रडी की मांकड रडी, हे ठरायला पाऊणशे वर्षे लागली.

अमेरिकेत पारडे फिरले ते प्रवासाने. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे 'बॅटल बाय द बे' नावाची स्पर्धा भरली, तिला चाळीस खेळाडू आले. २००२ पासून तिचे नाव 'इव्होल्युशन', थोडक्यात 'इव्हो' झाले. दूरच्या शहरांतून, पुढे दूरच्या देशांतून माणसे येऊ लागली. अनोळखी माणसांत समान काही असेल तर ते फक्त यंत्र. तुझ्या आर्केडचा रिवाज मला ठाऊक नाही, माझा तुला नाही; तेव्हा यंत्र देईल तो नियम. खुला सर्लिनवाद जिंकला तो त्याच्या तर्कामुळे जितका, तितकाच या प्रवासामुळे.

आणि तरीही या स्पर्धेचा सर्वांत प्रसिद्ध क्षण लोक उलट्या अर्थाने सांगतात. इव्हो २००४, 'थर्ड स्ट्राइक'. दाइगो उमेहारा यांचा केन शेवटच्या तसूभर जीवावर उभा आहे, समोर जस्टिन वाँग यांची चुन-ली पंधरा फटक्यांचा महाप्रहार सोडते. नुसते अडवले तरी केन मरतो. उमेहारा प्रत्येक फटका ऐन क्षणी परतवतात आणि फेरी जिंकतात. चित्रफीत पाहणारे म्हणतात, हिशेबी खेळावर मनस्वी खेळाने मात केली. हे वाचन भाबडे आहे. चुन-ली त्या खेळातली अव्वल मानली जात असली तरी केनही पहिल्या तिघांत गणला जाई, आणि पंधरा फटक्यांची ती लय रियाजावाचून हाती लागत नाही. नंतरच्या अंतिम लढतीत उमेहारा हरले, हेही सहसा कोणी सांगत नाही.

उमेहारा यांचे स्वतःचे मत या दोन्ही गोटांत बसत नाही. २०१२ मध्ये जपानीत निघालेल्या पुस्तकात त्यांनी जिंकणे आणि जिंकत राहणे यांत भेद केला. सोयीच्या हुकमी युक्तीवर जिंकणाऱ्याची वाढ खुंटते, अशी त्यांची मांडणी आहे. आवड आणि जय यांतले वैर इथे काळाच्या मापाने सुटते : उद्याच्या लढतीसाठी युक्ती बरी, वीस वर्षांसाठी नाही. पण उमेहारा संत नव्हेत. २०११ मध्ये 'स्ट्रीट फायटर फोर'च्या नव्या आवृत्तीत युन बेसुमार बलवान ठरला, तेव्हा र्यूसाठी ओळखले जाणारे उमेहारा युन घेऊनच उतरले.

त्या युनला कॅपकॉमने पुढच्या आवृत्तीत कमजोर केले. येथून भांडणाचा पत्ता बदलतो. पूर्वी खेळाडू एकमेकांना म्हणत, 'हे करू नकोस'. आता ते कंपनीला म्हणतात, 'हे काढून टाका'. जानेवारी २०२० च्या इव्हो जपानमध्ये 'टेकन सेव्हन'च्या शेवटच्या आठांपैकी सहा जण लिरॉय हे एकच पात्र खेळत होते. ते खेळात येऊन जेमतेम दीड-दोन महिने झाले होते. खेळाडूंपैकी कोणालाही दोष देता येत नाही, कारण दुसऱ्याने लिरॉय सोडला नाही तर आपण एकट्याने सोडून काय उपयोग? कंपनीने मग त्याचे दात काढले. जुन्या रिवाजाचे काम आता पॅच करतो. प्रेक्षकांपाशी मात्र जुने हत्यार अजून आहे. इव्हो २०१८ मध्ये 'स्मॅश ब्रदर्स'च्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंनी बेयोनेटाच उतरली, तेव्हा भर सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. त्या निवडीने एकही नियम मोडला नव्हता.

ज्या खेळात पॅच येतच नाही, तिथे काय होते? २००१ मध्ये आलेला 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' आजही जवळजवळ जसाच्या तसा खेळला जातो. त्यात फॉक्ससारख्या चपळ पात्रांची सद्दी. योशी मात्र दुबळ्यांत गणला जाई, कारण बचावाच्या कवचातून थेट उडी घेणे, जे इतरांना सहज जमते, ते त्याला जमतच नाही. आम्सा या टोपणनावाने खेळणाऱ्या जपानी खेळाडूने दशकभर योशीच धरून ठेवला. कवच उघडताना पहिल्या काही क्षणांत फटका परतवण्याची योशीची एक विचित्र क्षमता आणि दुसऱ्या उडीत त्याला मिळणारे संरक्षण, या दोहोंना त्याने घोटून घोटून शस्त्र बनवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द बिग हाउस टेन' ही मोठी स्पर्धा त्याने जिंकली. योशीने जिंकलेली ती पहिली मोठी स्पर्धा. मेली बाजारात येऊन तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती, आणि योशी होता तसाच होता.