दाबाच्या दोन आकड्यांची गोष्ट

आपल्या घरातल्या प्रेशर कुकरला दोन पहारेकरी असतात. एक शिट्टी आणि दुसरा झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब वाढला की आधी शिट्टी उचलली जाते, थोडी वाफ सोडते आणि पुन्हा खाली बसते. शिट्टीचं भोक बुजलं, दाब वाढतच गेला, तरच दुसऱ्याची पाळी येते. हा क्रम कुणीतरी विचार करून ठरवलेला आहे. पण समजा, शिट्टी उचलली गेली आणि वरच अडकून बसली तर? कुकर फुटणार नाही. मात्र पाणी वाफ होऊन निघून जाईल आणि डाळ करपेल. आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती जवळजवळ अशीच आहे. फक्त ती अणुभट्टीत घडली.

अणुभट्टीच्या संरक्षक यंत्रणेत असे अनेक आकडे ठरवून ठेवलेले असतात. दाब इतका झाला की हा व्हॉल्व्ह उघडायचा, इतका झाला की अणुभट्टी बंद करायची. त्यांना सेटपॉइंट म्हणतात. विहिरीचा कठडा आपण पाण्याच्या अगदी कडेला बांधत नाही, थोडा अलीकडे बांधतो. सेटपॉइंटही खऱ्या धोक्याच्या रेषेच्या अलीकडे ठेवतात. किती अलीकडे, हे तीन गोष्टींवर ठरतं. मोजणारं उपकरण किती चुकू शकतं, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ते किती सरकतं आणि इशारा मिळाल्यावर यंत्रणेला काम करायला किती वेळ लागतो. उपकरणं सरकतात, हे त्या क्षेत्रातल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९७६ साली मार्गदर्शिका काढून बजावलं होतं, की आकडा ठरवताना या सरकण्याचा हिशेब धरा.

आता थ्री माइल आयलंडकडे येऊ. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्ग शहराजवळ, सस्क्वेहाना नदीतल्या बेटावरचं हे अणुवीज केंद्र. तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीत पाण्याचा नेहमीचा दाब दर चौरस इंचाला २१५५ पौंड असे. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड असतो, त्यावरून कल्पना करा. दाब २२५५ झाला की वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडायचा. २३५५ झाला की अणुभट्टी आपोआप बंद व्हायची. आणि २५०० च्या आसपास शेवटचे सेफ्टी व्हॉल्व्ह.

या क्रमाकडे नीट बघा. आधी व्हॉल्व्ह, मग अणुभट्टी बंद. असं का? कारण किरकोळ कारणाने दाब वाढला तर थोडी वाफ सोडून द्यावी आणि वीजनिर्मिती चालू राहावी. कागदावर यात काहीच चूक नव्हती. गृहीत एवढंच होतं, की उघडलेला व्हॉल्व्ह दर वेळी पुन्हा बंद होईल.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे चार वाजता तिथले पाणीपुरवठ्याचे पंप थांबले. उष्णता वाहून नेणारं पाणी थांबल्यावर दाब चढला. तीन सेकंदांत रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. आठव्या सेकंदाला अणुभट्टी बंद झाली. संरक्षक यंत्रणेने नेमून दिलेलं काम चोख केलं. दाब उतरला, २२०५ वर व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. शिट्टी वर अडकली.

नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला होता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढंच तो दिवा सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, हे सांगायची सोय त्यात नव्हती. दोन मिनिटांनी आपत्कालीन पंप आपोआप सुरू झाले. पण एका टाकीतली पातळी चढताना पाहून पाणी जास्त झालं असं कर्मचाऱ्यांना वाटलं आणि त्यांनी ते पाणी कमी केलं. दोन तास वीस मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात येऊन मागचा अडवणारा व्हॉल्व्ह बंद केला गेला. तोवर डाळ करपली होती. अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला होता, हे पुढे काही वर्षांनी आत कॅमेरे सोडल्यावर कळलं. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग सुदैवाने थोडा होता. ती अणुभट्टी पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

या गोष्टीतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग त्या पहाटेच्या आधीचा आहे. २४ सप्टेंबर १९७७ ला ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात हेच घडलं होतं. कंपनी तीच, रचना तशीच, व्हॉल्व्ह असाच अडकलेला. तिथे अणुभट्टी जेमतेम नऊ टक्के शक्तीवर चालू होती आणि वीसेक मिनिटांत चूक लक्षात आली, म्हणून निभावलं. ती अणुभट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतले अभियंता बर्ट डन यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये लेखी इशारा दिला, की आपत्कालीन पाणी घाईने बंद करू नका असं सगळ्या केंद्रांना कळवा. ते टिपण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. अपघात झाला तोवर केंद्रांना सूचना गेली नव्हती. गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाला असंही आढळलं, की अशा अणुभट्ट्यांत तो व्हॉल्व्ह याआधी नऊ वेळा उघडाच अडकला होता. नऊ वेळा! तरी २२५५ हा आकडा जागचा हलला नव्हता.

तो हलला अपघातानंतर. महिना उलटायच्या आत, एप्रिल १९७९ मध्ये, नियामक आयोगाने या बनावटीच्या केंद्रांसाठी आदेश काढला. अणुभट्टी बंद होण्याचा आकडा २३५५ वरून २३०० वर खाली आला. व्हॉल्व्ह उघडण्याचा आकडा २२५५ वरून २४५० वर गेला. दोन आकड्यांनी जागा बदलल्या. आता आधी अणुभट्टी बंद व्हायची, व्हॉल्व्ह क्वचितच उघडायचा. याची किंमत होती. अणुभट्ट्या जास्त वेळा बंद पडणार, वीज बुडणार. ती किंमत जाणूनबुजून मोजली गेली.

हे वाचताना मला माझीच एक रात्रपाळी आठवते. तरुणपणी मी एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. पावसाळ्याचे दिवस. एक कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होत होता. तेलाचा दाब कमी झाला की यंत्र बंद करणारा स्विच त्यावर होता. सुपरवायझर म्हणाले, "अरे, जरा खाली घे ते सेटिंग. सकाळी बघू." मी स्क्रूड्रायव्हर लावून अर्धा फेरा फिरवला. यंत्र मुकाट चालू लागलं. लॉगबुकात मी काही लिहिलं नाही. ती सकाळ दोन वर्षांनी उजाडली. यंत्र दुरुस्तीला उघडलं तेव्हा बेअरिंग झिजून गेलेलं होतं. स्विच खोटं बोलत नव्हता, आम्हीच त्याचं तोंड बंद केलं होतं. कुणाला इजा झाली नाही, पण मान खाली गेली ती गेलीच.

अणुवीज केंद्रात असा अर्धा फेरा कुणी आपल्या मनाने फिरवू शकत नाही. १९६९ साली तारापूरला आपली पहिली अणुवीज केंद्रं सुरू झाली. १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. हे आकडे मंडळाने मान्य केलेल्या तांत्रिक नियमपुस्तकात असतात आणि तिथला आकडा बदलायचा तर मंडळाची संमती लागते. बाहेरून बघणाऱ्याला ही कागदपत्रांची कटकट वाटते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत दाब बघणाऱ्या चार स्वतंत्र वाहिन्या होत्या, त्यांतल्या दोघींनी सांगितलं की अणुभट्टी बंद. एक उपकरण सरकलं तर उरलेली तीन सांभाळून घेतात. कागदावरचा आकडाच चुकला, तर चारही वाहिन्या एकमुखाने चुकतात.

म्हणून बदलाचा अर्ज तपासणाऱ्याने आधी विचारायचं, की जुना आकडा तिथे का होता. मग त्याच्या वर आणि खाली कोणते आकडे आहेत ते बघायचं. आणि शेवटी विचारायचं, की उघडलेली वस्तू बंदच झाली नाही तर पुढे काय? २२५५ बद्दल हा शेवटचा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर त्या पहाटे बहुधा वाफ सुटलीच नसती. अणुभट्टी तेवढी बंद पडली असती, कुणीतरी चडफडत ती पुन्हा सुरू केली असती आणि आपल्याला त्या बेटाचं नावही ठाऊक झालं नसतं.