नियमांतल्या फटी

१ फेब्रुवारी १९८१. मेलबर्नच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना चालू होता. शेवटचा एक चेंडू उरला होता आणि बरोबरी साधायला न्यूझीलंडला सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने गोलंदाजाला, म्हणजे आपल्याच धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितले. घरंगळत येणाऱ्या चेंडूवर षटकार मारणार कसा? ऑस्ट्रेलिया जिंकली. त्या स्पर्धेच्या नियमांत अशा चेंडूला मनाई नव्हती. तरीही सगळीकडे टीकेची झोड उठली आणि पुढे एकदिवसीय सामन्यांत असा चेंडू टाकायला बंदी आली.

नियम मोडलेला नसतो, तरी खेळ मोडला असे आपल्याला का वाटते? योगायोग असा की त्याच वर्षी एका संगणकानेही हाच प्रश्न उभा केला.

जुलै १९८१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन माटेओ येथे एका युद्धखेळाची स्पर्धा भरली होती. खेळ कागद आणि फासे घेऊन खेळायचा. प्रत्येक खेळाडूला एक लाख कोटी काल्पनिक नाणी मिळत. तेवढ्या खर्चात त्याने अवकाश-जहाजांचा ताफा रचायचा आणि मग तो दुसऱ्याच्या ताफ्याशी भिडवायचा. चिलखत जाड केले तर वेग घटतो, तोफा वाढवल्या तर पैसा संपतो. असे असंख्य नियम एकमेकांत गुंतलेले होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी हा खेळ पूर्वी कधी खेळलेला नव्हता. मात्र त्यांच्याकडे 'युरिस्को' नावाचा प्रोग्राम होता. त्यात अनुभवी माणूस वापरतो तसे आडाखे भरलेले होते, आणि नवे आडाखे शोधण्याची सोयही होती. लेनाट यांनी खेळाचे नियम युरिस्कोला पुरवले. रात्रभर संगणक ताफे रचून आपल्याशीच लढाया खेळे. सकाळी लेनाट निकाल पाहत, निरर्थक वाटा बंद करत आणि आशादायक वाटांवर त्याला पुढे पाठवत.

अनुभवी खेळाडूंनी मोजकी, मोठी आणि दिमाखदार जहाजे आणली होती. युरिस्कोच्या ताफ्यात जहाजे होती ९६, बहुतेक संथ आणि छोट्या शस्त्रांनी गच्च भरलेली. शिवाय एक इतके चिमुकले आणि चपळ जहाज होते, की त्याच्यावर नेम बसणे जवळपास अशक्य! खेळाडूंना हसू आले असेल, पण स्पर्धा युरिस्कोने जिंकली. पुढे या यशाची वाटणी करताना लेनाट यांनी साठ टक्के श्रेय स्वतःकडे आणि चाळीस टक्के युरिस्कोकडे दिले. दोघांपैकी एकट्याला हे जमले नसते, असेही त्यांनी नमूद केले.

१९८२ साली संयोजकांनी नियम बदलले. आता ताफ्याच्या चपळाईला महत्त्व आले. युरिस्कोने त्यातूनही वाट काढली. लढाईत पांगळी झालेली आपली जहाजे आपणच नष्ट करायची, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळाई घसरत नाही. कोणत्या सेनापतीला हे सुचले असते? युरिस्को पुन्हा जिंकला. तेव्हा संयोजकांनी सांगितले, की तुम्ही पुन्हा उतरून जिंकलात तर आम्ही ही स्पर्धाच बंद करू. लेनाट यांनी माघार घेतली.

ही लबाडी होती का? नक्कीच नाही. एकही नियम मोडला गेला नव्हता, काही लपवलेही नव्हते. पण संयोजकांची तक्रारही समजण्यासारखी आहे. त्यांना सेनापतींच्या चातुर्याची कसोटी हवी होती, आणि हाती आली ती नियमपुस्तिकेतल्या फटींची यादी. माणूस नियम वाचताना त्यामागचा हेतूही न कळत वाचतो आणि काही वाटा मनातूनच वर्ज्य करतो. यंत्र फक्त अक्षर वाचते.

या गोष्टीचा दुसरा भाग जास्त बोलका आहे. युरिस्कोतील प्रत्येक आडाख्याला एक मोल दिलेले असे. एखाद्या आडाख्यामुळे चांगला शोध लागला की शोधकर्त्यांत त्याचे नाव नोंदले जाई आणि त्याचे मोल वाढे. लेनाट यांना आढळले, की एका आडाख्याचे मोल भराभर वाढत आहे. तो करत काय होता? इतरांनी लावलेले चांगले शोध हुडकून त्यांच्या शोधकर्त्यांत आपले नाव घुसडत होता! दुसऱ्यांच्या नियमांतल्या फटी शोधणाऱ्या प्रोग्रामने आपल्या कर्त्याच्या नियमांतलीही फट शोधली होती. अखेर प्रोग्रामचा एक भाग कोणत्याही आडाख्याला बदलता येणार नाही असा बंदिस्त करावा लागला.

१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील एका वर्गात विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामांची स्पर्धा झाली. खेळ आपल्या फुली-गोळ्यासारखाच, पण पट अमर्याद आणि एका रांगेत पाच खुणा करायच्या. एका प्रोग्रामने उत्क्रांतीच्या पद्धतीने चाली सुधारता सुधारता एक अजब चाल मिळवली. तो पटावर अतिशय दूरवर खूण करी. तेवढा मोठा पट मांडताना प्रतिस्पर्धी प्रोग्रामची स्मृती अपुरी पडे, तो बंद पडे आणि डाव हरे. संगणकाच्या प्रोग्राममधील अशा दोषाला 'बग' म्हणतात. इथे विजय मिळाला तो खेळातल्या चातुर्याने नव्हे, समोरच्याच्या बगमुळे.

आता याच्या उलट एक उदाहरण पाहू. 'गो' या पटावरील खेळात २०१६ साली अल्फागो या प्रोग्रामने ली सेडोल या अव्वल खेळाडूला ४-१ असे हरवले. त्यानंतर यंत्रापुढे माणसाचे काही चालणार नाही, असे मानले जाऊ लागले. पण २०२३ मध्ये कॅटागो या बलाढ्य प्रोग्रामला एका हौशी अमेरिकी खेळाडूने १५ पैकी १४ डावांत हरवले. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्यांभोवती सावकाश वेढा घालायचा आणि मधूनमधून दुसरीकडे खेळून त्याचे लक्ष वळवायचे, ही त्याची युक्ती. साधारण खेळाडूलाही दिसेल असा वेढा कॅटागोला वेळीच कळत नव्हता. हा कच्चा दुवा एका दुसऱ्या प्रोग्रामने शोधून दिला होता.

या उदाहरणांना एकच माप लावता येईल का? आम्हाला एक कसोटी उपयोगी वाटते: ही युक्ती सर्वांना कळली आणि सर्वांनी वापरली, तर खेळ उरतो का? प्रत्येक सामन्यात निर्णायक क्षणी चेंडू घरंगळत टाकला, तर क्रिकेट उरत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याचा संगणक बंद पाडू लागला, तर फुली-गोळाही उरत नाही. पण वेढ्याची युक्ती सर्वांना कळली तरी गो उरतो, उलट पुढचे प्रोग्राम अधिक सावध होतात. युरिस्कोचा ताफा या दोन्हींच्या मध्ये बसतो. फट उघडी पडल्यामुळे नियम सुधारले, पण तीच ती फट सर्वांनी वापरली असती तर सेनापतींची कसोटी संपली असती. म्हणून फट शोधणाऱ्याला लबाड म्हणण्याआधी त्याचे आभार मानावेत, आणि ती उघड झाल्यावर बुजवण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांनी घ्यावी.

हीच कसोटी परीक्षेला लावून पाहा. एखादा विद्यार्थी फक्त 'अपेक्षित' प्रश्नसंच घोकून उत्तम गुण मिळवतो. त्याने नियम मोडलेला नाही. पण सर्वांनी तसेच केले तर शिक्षण उरते का? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या मुलाला उपदेश करण्याआधी आपण प्रश्नपत्रिका तपासायला हवी. गुण हे ज्ञानाचे माप म्हणून आपणच ठरवले. मापात फट असेल तर ती कोणीतरी हुशार शोधणारच.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. मुलांच्या गटांना एकेक छोटा खेळ रचून त्याचे नियम कागदावर लिहायला सांगा. मग ते कागद दुसऱ्या गटांना द्या आणि नियम न मोडता खेळ बिघडवून दाखवायला सांगा. मग पहिल्या गटाने नियम दुरुस्त करायचे. दोन-तीन फेऱ्यांत मुलांच्या लक्षात येईल, की प्रत्येक फट बुजवणारे नियम लिहिणे फार अवघड असते आणि उरलेली जागा खेळणाऱ्यांच्या समजुतीने भरावी लागते.