कळंब्याच्या सोयरिकीतील जोडीच्या अंगठ्या

करवीर तालुक्यातील कळंबा हे गाव कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले असून, संस्थानकाळातील तेथील तलावाचे पाणी शहराला मिळत आले, तर लग्नकार्याच्या सोन्यासाठी गावाला शहर गाठावे लागले. ही वाट अंबाबाईच्या देवळाजवळील गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जाऊन थांबत असे. आज याच वाटेने नियोजित वधूवर एकत्र जातात आणि एकाच घडणीच्या दोन अंगठ्या पसंत करतात. हा प्रघात अलीकडचा आहे हे खरे. परंतु तो केवळ परक्या रिवाजाचे अनुकरण म्हणून बाजूला सारला, तर लग्नातील सोने कोण निवडतो आणि कोणासाठी निवडतो, या प्रश्नाचा या भागातील दीर्घ इतिहास नजरेआड होतो.

कोल्हापूर भागात लग्न ठरण्याची क्रिया सुपारी फुटण्याने पूर्ण होत असे. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बैठकीला बसून देण्याघेण्याचा तपशील कागदावर उतरवीत, त्या कागदाला यादी म्हणत. आणि यादीच्याच दिवशी लग्न उरकले, तर त्यास ‘यादी पे शादी’ असे नाव होते व आजही आहे. त्यानंतर होणाऱ्या साखरपुड्यात मुलाकडची मंडळी मुलीला कुंकू लावून साडी-चोळी देत, ओटी भरत आणि साखरेचा पुडा हाती देत. धर्मशास्त्रात ज्यास वाङ्निश्चय, म्हणजे शब्दाने केलेला विवाहाचा करार, म्हटले आहे, त्याचेच हे घरगुती रूप होय. या विधीला अंगठी अनिवार्य नव्हती. ती आली ती यादीतील एक कलम म्हणून, आणि बहुधा जावयासाठी: वराचा पोशाख, त्याची अंगठी, गळ्यातला गोफ. तिचे वजन मुलीच्या बापाच्या ऐपतीवर आणि मुलाकडच्यांच्या आग्रहावर ठरे. वराची अंगठी ही मुळात प्रेमाची खूण नव्हती, तर मानपानाचा भाग होती. आणि १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही ती ‘हौसेने दिलेली’ म्हणून टिकून राहिली. तिच्या इतिहासातील ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

विवाहाची दृश्य खूण मात्र जवळजवळ सर्वस्वी स्त्रीच्या अंगावर होती. गळ्यात मंगळसूत्र किंवा डोरले, ऐपत असल्यास कोल्हापुरी साज, हातात हिरवा चुडा आणि पायाच्या बोटांत चांदीची जोडवी. कोल्हापूर जिल्ह्यातीलच हुपरी हे गाव चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असून पैंजण, तोरड्या, जोडवी असे पायांतले दागिने तेथे घरोघरी घडविले जातात. जोडव्यांत जोडी आहे, परंतु ती एकाच व्यक्तीच्या दोन पायांची आहे. विवाहित पुरुषाला ओळखता येईल असा एकही दागिना परंपरेने त्याला दिलेला नव्हता. वधूवरांनी एकाच अंगठीला हात घालण्याचा प्रसंग येई तो लग्नानंतरच्या खेळात: हळदकुंकवाच्या पाण्यात अंगठी टाकून दोघांनी ती शोधायची आणि ज्याच्या हाती लागेल त्याचे घरात वर्चस्व, असा समज. तेथेही अंगठी एकच असे.

जोडप्याने मिळून काही ठरवावे, ही कल्पना या भूमीत अंगठीच्या आधी विवाहविधीत आली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेत अशी मंगलाष्टके रचली, की ज्यांत वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात आणि वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन मागते. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्यास राजर्षी शाहू महाराजांचा आधार होता, आणि १९१९ साली महाराजांनी आंतरजातीय विवाहास कायदेशीर मान्यता दिली. या घडामोडींचा सराफ बाजाराशी थेट संबंध दाखविता येणार नाही. परंतु वधूला विवाहात स्वतःचा आवाज असतो हे एकदा मान्य झाल्यावाचून तिने अंगठी पसंत करणे संभवतच नव्हते. वयाचा मुद्दाही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय किमान १४ ठरविले, १९७८च्या दुरुस्तीने ते १८ झाले. गळ्यातला सर वाढत्या वयातही चालतो. लहान मुलीच्या बोटाला बेतलेली अंगठी मात्र काही वर्षांतच निरुपयोगी होते. आयुष्यभर वापरायच्या अंगठीला वाढ पूर्ण झालेले बोट लागते.

आता परक्या रिवाजाविषयी. ख्रिस्ती विवाहातील अंगठीची परंपरा रोमन काळापर्यंत मागे जाते. पुरुष वधूला अंगठी देई. पाश्चात्त्य देशांत दोघांनी अंगठ्या घालण्याची पद्धत सर्वसामान्य झाली ती विसाव्या शतकात. अमेरिकेत दागिन्यांच्या व्यापाऱ्यांनी तिचा हेतुपुरस्सर प्रचार केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आघाडीवर जाणाऱ्या पुरुषांमुळे, ती रुजली. म्हणजे ज्या प्रथेला ‘विलायती परंपरा’ म्हटले जाते, ती तिकडेही फार जुनी नाही. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या मिशनचे काम १८५२ पासून सुरू होते, तरी साखरपुड्यातील अंगठीचे श्रेय तेवढ्यावरून त्यांना देणे घाईचे ठरेल. हिंदी-मराठी चित्रपट आणि शहरी मध्यमवर्गाचे अनुकरण यांचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक आहे.

जोडीच्या अंगठ्यांची घडण जवळून पाहिल्यास या प्रथेचा वेगळा अर्थ उमगतो. सोनार मुशीत सोने आटवून कांडी ओततो, ती ठोकून जंतरातून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून, ओढून तार किंवा पट्टी काढतो, बोटाच्या मापाने तुकडा कापतो, टोकांना डाक देऊन जोडतो आणि निमुळत्या सळईवर ठोकून गोलाई आणतो. एकाच कांडीतून दोन्ही अंगठ्या निघू शकतात, तरी त्यांचे वजन सारखे येत नाही. वधूच्या बोटाचा घेर ५२ मिलिमीटर आणि वराचा ६२ मिलिमीटर धरला, तर पट्टीची रुंदी व जाडी तीच ठेवूनही वराच्या अंगठीला सुमारे एक पंचमांश सोने अधिक लागते. जुन्या यादीत अंगठीचे वजन तोळा, मासा आणि गुंज यांत लिहीत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा आणि तोळ्याचे सुमारे ११.६६ ग्रॅम, असे ते कोष्टक होते. दशमान पद्धती आल्यावर बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असा व्यवहार रूढ झाला. यादीतील अंगठीला प्रथम वजन होते, मग घडण. जोडीच्या अंगठीला प्रथम घडण आहे, मग वजन. हा क्रम उलटणे हाच खरा बदल होय.

सरकारी धोरणानेही या व्यवसायाला कलाटणी दिली. चीनबरोबरच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचा आदेश निघाला आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. देशभर सोनारांच्या हातचे काम गेले. पुढे ही अट सुटली, १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. घरातले जुने सोने मोडून नवे घडविण्याची रीत तंगीच्या काळात फार उपयोगी पडली, आणि आजही आजीच्या पाटल्यांतील सोने नातवंडांच्या अंगठ्यांत उतरते.

२००० नंतर प्लॅटिनमच्या जोड-अंगठ्यांची जाहिरात देशभर झाली आणि ‘कपल रिंग’ हा शब्द गुजरीतही रुळला. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. २२ कॅरटच्या अंगठीवर ९१६ हा अंक असतो, हिरेजडित अंगठी बहुधा १८ कॅरटची, म्हणजे ७५० ची असते आणि एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख असल्याशिवाय तो विकता येत नाही. जोडी एक असली तरी ओळख दोन्ही अंगठ्यांची निराळी असते. अंगठीला अशी सरकारी ओळख मिळाली, तरी १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख आहे, अंगठीचा नाही. त्यामुळे तिला बळ आहे ते केवळ दोघांच्या मान्यतेचे. खर्च दोघांनी उचलला आणि वजनाचा वाद उरला नाही, तर वराच्या अंगठीवरील मानपानाचा जुना डाग पुसला जाईल, आणि तो पुसला गेलाच पाहिजे.

या बदलाची सर्वांत विश्वसनीय साधने कळंब्यातील आणि आसपासच्या गावांतील घरांमध्येच असण्याचा संभव आहे: लग्नाच्या जुन्या याद्या, आहेराच्या वह्या आणि सराफांच्या पावत्या. ट्रंकांच्या तळाशी पडलेले असे कागद जुने घर पाडताना रद्दीत जाऊ देऊ नयेत; ज्या घरांत ते असतील, त्यांनी ते जपून ठेवावेत आणि त्यांवर घरातील जाणत्या माणसाकडून नावे व साल लिहून घ्यावे.