फुलांची नोंदवही

भाद्रपद उजाडला की साताऱ्याहून कासच्या पठाराकडे वाहनांची रीघ लागते. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, बाराशे मीटर उंचीवर असलेले हे जांभ्या खडकाचे पठार २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरविलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे. सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा पाहून मन हरखते, छायाचित्रे काढली जातात, आणि घरी परतल्यावर कोणीतरी विचारते, "हे फूल कोणते?" बहुधा उत्तर मिळत नाही. ते का मिळत नाही, आणि पूर्वी ते कसे मिळविले जाई, याचा थोडा इतिहास येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची नोंदवही आपण सर्वांनी पाहिली आहे. नाव, आईबाप, गाव, तारीख, धर्ममातापिता आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही. यातले काही गाळले, तर पन्नास वर्षांनी त्या नोंदीवरून माणूस ओळखणे कठीण होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही अशीच नोंदवही सांभाळली आहे. फांदी पान-फुलासह कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर बसवायची, आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: कोठे सापडली, केव्हा, कोणाला. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात.

आपल्या भागातील वनस्पतींची शास्त्रीय मोजदाद एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली निघाला. थिओडोर कुक यांचा अधिक विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पूर्ण झाला. पुढे या कामात दोन येशूसंघीय धर्मगुरूंनी आयुष्य वेचले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिसंग्रहास आरंभ केला. १९३४ साली ते निवर्तले, आणि १९४१ पासून तो संग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्पेनहून आलेले फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला (१९५३), भारतीय नागरिकत्व स्वीकारले, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले, आणि १९६७ साली पद्मश्रीचे मानकरी झाले.

या नोंदींची किंमत साताऱ्यातील काही उदाहरणांवरून कळते. सज्जनगडासारख्या ठिकाणी कड्याकपारीत शिंदळ माकुडी नावाची एक मांसल वनस्पती वाढते. डॅल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले, ते तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ. हेच फ्रिअर साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा तेथे कंपनी सरकारचे अधिकारी होते. पुढे शास्त्रज्ञांनी ही वनस्पती दुसऱ्या कुळीत घातली व तिचे लॅटिन नाव बदलले. नाव बदलले तरी वाळविलेला मूळ नमुना तोच राहतो. त्यामुळे कशाविषयी बोलणे चालले आहे याबद्दल घोटाळा होत नाही. 'शिंदळ माकुडी' हे नाव मात्र कड्यांवर वावरणाऱ्या माणसांनी दिले. वाट दाखविणाऱ्या त्या माणसाचे नाव चिठ्ठीवर सहसा आले नाही, ही या नोंदवहीतली मोठी उणीव होय.

दुसरे उदाहरण टोपली कारवीचे. कासवर ती साधारण सात वर्षांनी एकदा एकत्र फुलते. हे चक्र आपल्याला कळले ते तारखा जपून ठेवल्यामुळे. तिसरे वायतुऱ्याचे. पठारावरच्या पावसाळी डबक्यांत वाढणाऱ्या या पाणवनस्पतीचा तुरा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुभंगलेला असतो. सुंदरराघवन, कुलकर्णी व यादव या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव कायमचे आले.

आता कॅमेऱ्याकडे वळू. कवल्याचे पिवळे फूल 'मिकी माऊस' म्हणून ओळखले जाते व त्याचे छायाचित्र फार निघते. पण कवल्याच्या जाती अनेक आहेत. पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांवरील शिरा आणि केस पाहून त्या वेगळ्या करतात. समोरून टिपलेल्या चित्रात हे काहीच दिसत नाही. स्थळही सांगावे लागते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेस चांदोलीची पावसाळी पठारे आहेत, आणि पूर्वेस जत-आटपाडीची कोरडी माळराने. ठिकाण ठाऊक असले की पाहणाऱ्याला निम्म्या शक्यता सोडून देता येतात.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. वर्षातले आठ महिने ही पठारे उघडीबोडकी दिसतात, आणि कागदोपत्री 'पडीक' ठरायला तेवढे पुरते. साताऱ्याजवळचे चाळकेवाडी, पाटण तालुक्यातील वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. विजेची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु एखाद्या जागी काय उगवते याची नोंदच नसेल, तर तेथे काय गमावले हे सांगणार कोण? ज्याची नोंद नाही त्याची बाजू मांडताच येत नाही.

म्हणून वाचकांस विनंती अशी. फूल तोडू नये. गालिच्यावर पाय देऊन जवळ जाऊ नये. समोरून एक छायाचित्र घेतले की दुसरे बाजूने घ्यावे, तिसरे पानांचे व खोडाचे, आणि चौथे ते झाड ज्या जागी उभे आहे तिचे. त्याच दिवशी वहीत गाव व तारीख लिहावी. जवळच्या वस्तीतील एखाद्या आजीला किंवा गुराख्याला त्या फुलाचे नाव विचारावे, आणि नाव सांगणाऱ्याचेही नाव, त्याच्या संमतीने, शेजारी लिहावे. जुन्या चिठ्ठ्यांवर राहून गेलेली ती एक ओळ आपल्या मुलांच्या वहीत तरी भरली जाईल.