शारदा आणि नीरा

किर्लोस्कर मंडळीने १८९९ साली रंगभूमीवर आणलेल्या देवलांच्या ‘शारदे’त द्रव्यलोभी कांचनभट आपली कन्या जरठ भुजंगनाथास देऊ पाहतो. तो विवाह मोडतो कशाने? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! मुलीचा नकार तेथे कोणी विचारातच घेत नाही. बिचारी जीव द्यावयास निघते, तेव्हा कोदंड तिला वाचवितो. पुढे १९२९ साली हरविलास सारडा यांचा बालविवाहविरोधी कायदा झाला. नामसाम्यामुळे पुष्कळांस तो या शारदेचाच वाटला. बीड जिल्हा मात्र तेव्हा निजामी राज्यात होता. हा ब्रिटिश कायदा तेथे लागू नव्हता.

१९३७ च्या ‘कुंकू’तील नीरा निराळ्या घडणीची. शांता आपटे यांची ही नायिका वृद्ध पतीस पती मानावयासच नकार देते. केशवराव दात्यांचे काकासाहेबही निव्वळ खलपुरुष नव्हेत. भिंतीवरील जुने घड्याळ त्यांच्या वयाची आठवण देत राहते. तथापि नीरेची सुटका व्हावयास अखेर त्यांनाच प्राण द्यावा लागतो.

मांजरसुंब्याच्या आसपासचा ऊसतोड्या बाप या दोन्ही कथांत सापडत नाही. तो बहुधा लोभी नसतो. सहा महिने कारखान्याच्या फडावर जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही त्याची धास्ती. शिवाय मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला. तिलाच तिकडे ‘कोयता’ म्हणतात.