एल्कचा माग आणि रिकामे अरण्य

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात ऑगस्ट महिन्यात एक दृश्य नेहमीचे आहे. पाठीवर चार-सहा दिवसांचा शिधा, तंबू आणि अंथरूण-पांघरूण घेतलेला एक माणूस पहाटे कड्यावर बसून दुर्बिणीतून समोरचे कुरण न्याहाळतो आहे. शिकारीचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. एल्क नावाचे भलेथोरले हरीण कुठे चरते, कुठे पाणी पिते, कोणत्या खिंडीतून उतरते, एवढेच त्याला पाहायचे आहे. या उद्योगाला तिकडे ‘स्काउटिंग’ म्हणतात. अशा एकाकी भटकंतीची वर्णने हा अमेरिकी गद्याचा एक रूढ प्रकारच होऊन बसला आहे. त्यात माणूस एक, पर्वत अनेक आणि बाकी सारे निर्मनुष्य. प्रस्तुत लेखापुढचा प्रश्न साधा आहे : हे निर्मनुष्यत्व आले कुठून?

आरंभ नावापासूनच करावा लागेल. ‘एल्क’ हा शब्द युरोपातून आला. तिथे तो ज्या प्राण्याला लावतात त्याला अमेरिकेत ‘मूस’ म्हणतात. वसाहतकऱ्यांनी एक नवाच प्राणी पाहिला आणि जुने नाव त्याच्या अंगावर चढवले. शॉनी भाषेतून आलेला ‘वापिटी’ हा शब्द मात्र प्राण्याकडे नीट पाहून घडलेला आहे. त्याचा अर्थ पांढऱ्या पार्श्वभागाचा. दूरच्या उतारावर पाठमोरा कळप चालू लागला की नजरेत भरतो तो हाच पांढरा ठिपका. म्हणजे हा प्राणी हेरणारे लोक त्या खंडात आधीपासूनच होते, याची साक्ष भाषाच देते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्राण्याची विलक्षण कत्तल झाली. मांसासाठी झाली, कातड्यासाठी झाली आणि एका क्षुल्लक कारणासाठीही झाली. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. ‘एल्क्स’ नावाच्या बंधुसंघाचे सभासद ते घड्याळाच्या साखळीला मिरवीत. त्या दोन दातांसाठी अख्खे जनावर मारून टाकून देणारे लोक निपजले. जे कळप उरले ते वायोमिंगमधील जॅक्सन होल या खोऱ्यात हिवाळ्यासाठी उतरत. पण तिथे आता कुरणांना कुंपणे पडली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरच्या कडक हिवाळ्यांत तिथे एल्क मोठ्या संख्येने उपासमारीने मेले. स्टीफन लीक या स्थानिक रहिवाशाने काढलेली त्यांची छायाचित्रे देशभर पोचली आणि १९१२ साली तिथे एल्कसाठी राखीव क्षेत्र झाले.

या खोऱ्यात १९२७ साली ओलाउस म्यूरी हा शास्त्रज्ञ आला. वाचवलेले एल्क गवत घालूनही का मरतात, हे सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्याला जाणून घ्यायचे होते. म्यूरीची पद्धत शिकाऱ्याचीच होती : पायी हिंडणे, माग काढणे, लेंड्या तपासणे, शिंगे कुठे झडली याची नोंद ठेवणे. फरक इतकाच, की मागाच्या शेवटी गोळी नव्हती. मेलेली जनावरे तपासताना त्याला आढळले, की हिवाळ्यात घातल्या जाणाऱ्या वाळक्या चाऱ्यातली कुसळे एल्कच्या तोंडात रुततात, त्या जखमा चिघळतात आणि जनावर दगावते. जे अन्न दयेपोटी दिले जात होते तेच काहींच्या जिवावर उठले होते. दयेलाही ज्ञानाची जोड लागते, हा धडा त्या कुसळांनी दिला. या साऱ्या अभ्यासाचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला.

साहित्याच्या अभ्यासकाने मात्र दुसऱ्या पुस्तकाकडे पाहावे. ‘वापिटी विल्डरनेस’ हे पुस्तक म्यूरीच्या मृत्यूनंतर, १९६६ साली निघाले. त्यातली काही प्रकरणे ओलाउसची आहेत, काही त्याची पत्नी मार्गारेट हिची. ज्या वाटांवर तो एकटाच गेला असेल असे आपण समजतो, त्यांतल्या कित्येकींवर तीही होती. मुले होती, तंबू होता, चूल होती. एकाकी संशोधकाची प्रतिमा या दोन आवाजांच्या रचनेत आपोआप विरघळते. दरम्यान ‘विल्डरनेस सोसायटी’ या संस्थेची धुरा वाहिलेला ओलाउस १९६३ साली वारला. ज्या कायद्यासाठी तो झटला तो १९६४ साली झाला. त्या कायद्याच्या व्याख्येनुसार अरण्य म्हणजे जिथे माणूस पाहुणा असतो, राहत नाही, असा प्रदेश.

नेमकी इथेच गोम आहे. माणूस राहत नाही, की त्याला राहू दिले नाही? १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन उद्यानाच्या डोंगरांत रानमेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे शोशोनी गट होते. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांची वस्ती तिथून उठली. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर तहाने शोशोनी आणि बॅनॉक लोकांना विनावापर सरकारी भूमीवर शिकारीचा हक्क दिला होता. तरीही १८९५ साली रेस हॉर्स या बॅनॉक माणसावर सात एल्क मारल्याबद्दल वायोमिंग राज्याने खटला भरला. त्या वेळी जॅक्सन होलचे गोरे रहिवासी श्रीमंत शिकाऱ्यांना वाटाडे म्हणून डोंगरात नेऊ लागले होते. एल्क त्यांचे भांडवल होते. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वायोमिंग राज्य होताच तहातला हक्क संपला. एकच कृती एकाची क्रीडा ठरली आणि दुसऱ्याचा गुन्हा.

हा निकाल सव्वाशे वर्षांच्या आसपास उभा राहिला. २०१४ च्या जानेवारीत क्लेव्हिन हेरेरा हा क्रो जमातीचा माणूस सोबत्यांसह एल्कच्या मागावर मोंटानातील आपल्या राखीव क्षेत्रातून निघाला आणि सीमा ओलांडून वायोमिंगच्या बिगहॉर्न जंगलात पोचला. त्याच्यावरही खटला झाला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जुना विचार त्याज्य ठरवला : राज्य निर्माण झाल्याने तहाचा हक्क संपत नाही आणि राष्ट्रीय वन घोषित केल्याने सगळी भूमी आपोआप ‘व्यापलेली’ ठरत नाही. विशिष्ट जागेचा प्रश्न खालच्या न्यायालयांकडे परत गेला. तत्त्व मात्र प्रस्थापित झाले. एल्क ज्या रेषा जुमानत नाहीत त्या माणसाने कितपत जुमानाव्यात, हा वाद अशा रीतीने एका मागातूनच उभा राहिला.

याचा अर्थ कड्यावर बसलेल्या त्या एकट्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा नाही. त्याची निष्ठा खोटी नाही, त्याचे श्रमही खोटे नाहीत. त्याच्यासारख्यांच्या परवान्यांच्या शुल्कातून तिथल्या वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च चालतो, हेही विसरून चालणार नाही. पण त्याचे गद्य वाचताना आपण एक प्रश्न जवळ ठेवावा : या वर्णनातून कोण वगळले गेले आहे? ज्या पायवाटेवरून तो चढला ती कोणाच्या पावलांनी पडली? निसर्गवर्णन निरागस असते हा समज आपल्याकडच्या वर्गांतही बराच रुजलेला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नाही.

शेवटी पुन्हा एका शब्दाकडे. आपले ‘हेरणे’ हे प्रामुख्याने डोळ्यांचे काम. ‘स्काउट’ हा शब्द मात्र जुन्या फ्रेंचमधल्या ऐकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. सप्टेंबरात माजावर आलेला एल्क नर पहाटे शिळेसारखा उंच, लांबलचक स्वर काढतो; अनुभवी माणूस कळप दिसण्याआधी तो ऐकतो. त्या डोंगरांत ऐकण्यासारखे आणखीही पुष्कळ आहे. दुर्बीण खाली ठेवली, तर ते ऐकू येईल.