अधिराष्ट्रीय : एका शब्दाची हकिगत

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांच्यासंबंधी एक करार केला. त्याच्या नवव्या कलमात ‘सुप्रानॅशनल’ हे विशेषण दोनदा येते. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्यात राष्ट्रे एका पातळीवर बसून बोलतात, आणि नाही पटले तर उठून जातात. हा नवा शब्द राष्ट्रांच्या वरचे काही सुचवत होता. मराठीत त्याला ‘अधिराष्ट्रीय’ म्हणावे हे बरे. ‘अतिराष्ट्रीय’ म्हटले तर नेमका उलटा अर्थ निघायचा. पुढे सोळा वर्षांनी ते कलमच रद्द झाले आणि त्याबरोबर हा शब्दही गेला. तो का आला, कोणाला खुपला आणि तो गेल्यावर मागे काय उरले, हे पाहिले की आजच्या युरोपीय आयोगाचा, म्हणजे युरोपियन कमिशनचा, स्वभाव बराचसा उलगडतो.

नववे कलम एका नव्या मंडळाविषयी आहे. त्याचे नाव ‘हाय ऑथॉरिटी’; आपण त्याला उच्चाधिकार मंडळ म्हणू. सदस्य नऊ. त्यांनी कोणत्याही सरकारचे आदेश मागायचे नाहीत, दिले तर घ्यायचे नाहीत. आणि सरकारांनीही या कामाचे अधिराष्ट्रीय स्वरूप मानून त्यांच्यावर दबाव आणायचा नाही. आठ सदस्य सरकारांनी नेमायचे आणि नववा त्या आठांनी स्वतः निवडून घ्यायचा. पहिल्या खेपेस त्यांनी पॉल फिने या बेल्जियन कामगार नेत्याला घेतले. ज्या मंडळाला खाणमालकांवर हुकूम चालवायचा होता, त्याच्या टेबलाशी कामगारांच्या बाजूचा माणूस असणे ही साधी गोष्ट नव्हती.

कल्पना झाँ मोने यांची. कोन्याक गावच्या ब्रँडीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. कधी कोणत्या निवडणुकीत निवडून आला नाही, पण दोन्ही महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या पुरवठ्याची जुळवाजुळव त्याने केली. मधल्या काळात तो लीग ऑफ नेशन्सचा उपसरचिटणीस होता. प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार असला की सभा भरते, ठराव होतात आणि काम मात्र होत नाही, हे त्याने तेथे जवळून पाहिले. १९५० साली रूरचा कोळसा आणि जर्मन पोलाद यांचे काय करायचे हा प्रश्न फ्रान्सपुढे होता. जर्मनीला कायम दाबून ठेवणे अमेरिकेला मान्य होणार नव्हते आणि मोकळे सोडणे फ्रेंचांच्या मनाला झेपत नव्हते. मोनेने तिसरी वाट काढली : दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामायिक अधिकाराखाली आणायचे. परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी ही योजना जाहीर केली. शुमान जन्मले लक्झेंबर्गमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ते जर्मन नागरिक होते आणि लोरेन फ्रान्सकडे परत आल्यावर फ्रेंच झाले. सीमा आपल्या अंगावरून सरकताना अनुभवलेल्या माणसाला अशी योजना पटावी यात नवल नाही.

ब्रिटन बाहेर राहिले. आत आलेल्यांतही डचांना शंका होती. मोनेच्या मनातल्या मंडळावर सरकारांचा लगाम जवळजवळ नव्हताच. छोट्या देशांना भीती वाटली की वरचे हे मंडळ उद्या पॅरिस आणि बॉनच्या तालावर चालेल. त्यांच्या आग्रहामुळे करारात मंत्र्यांची परिषद शिरली. मोनेला ती फारशी नको होती. आज मागे वळून पाहताना वाटते की युरोपच्या पुढच्या सगळ्या भांडणांची बैठक त्या एका दुरुस्तीने घातली गेली : एका बाजूला कोणाचाही प्रतिनिधी नसलेले मंडळ, दुसऱ्या बाजूला आपापल्या देशांचे प्रतिनिधी असलेले मंत्री.

मंडळाचा मुक्काम कुठे, यावर जुलै १९५२ मध्ये परराष्ट्रमंत्री रात्रभर भांडले. बेल्जियमचे मंत्री लिएजचा हट्ट सोडेनात. पहाटेच्या सुमाराला सगळे थकल्यावर लक्झेंबर्गचे योझेफ बेश यांनी तूर्त आमच्याकडे सुरू करा असे सुचवले, आणि ते ‘तूर्त’ पंधरा वर्षे टिकले. १० ऑगस्ट १९५२ रोजी मंडळाची पहिली सभा तेथील नगरभवनात भरली, अध्यक्षपदी मोने. पुढे मंडळाने रेल्वेच्या जुन्या कचेरीत बस्तान बसवले.

या मंडळाचे अधिकार आजच्या वाचकालाही चकित करतील. ते कंपन्यांना थेट आदेश देई, न पाळणाऱ्याला दंड करी. आणि त्याची स्वतःची तिजोरी होती. कोळसा आणि पोलाद यांच्या उत्पादनावर एक टक्क्यापर्यंत आकार बसवण्याचा हक्क त्याला होता. १९५३ च्या आरंभापासून हा पैसा कंपन्यांकडून सरळ लक्झेंबर्गला जाऊ लागला. वाटेत कोणत्याही देशाचा अर्थमंत्री नव्हता. त्या जोरावर १९५४ मध्ये अमेरिकेने मंडळाला दहा कोटी डॉलरचे कर्ज दिले. फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळशाची आणि मे महिन्यात पोलादाची सामायिक बाजारपेठ उघडली.

पण अधिकार खोल असले तरी अरुंद होते. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल येथील खाणीत आग लागून २६२ कामगार मेले. त्यांतले १३६ इटालियन होते. कोळशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाला खाणीच्या आतल्या सुरक्षेचे नियम करण्याचा अधिकार नव्हता. परिषद बोलावता आली, शिफारशी करता आल्या. नियम सरकारांच्याच हाती राहिले.

खरी परीक्षा त्यानंतर दोन वर्षांनी आली. स्वस्त तेल आणि अमेरिकेचा स्वस्त कोळसा यांमुळे युरोपातल्या खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या मालाचे ढीग साचले. १९५९ च्या फेब्रुवारीत बेल्जियमच्या बोरिनाज भागात खाणबंदीविरुद्ध संप पेटला. मंडळाने ठरवले की करारातल्या तरतुदीप्रमाणे ‘उघड संकट’ जाहीर करायचे आणि प्रत्येक देशाच्या उत्पादनाला मर्यादा घालायची. अशाच वेळेसाठी तर मंडळ होते! मात्र त्याला मंत्र्यांच्या परिषदेची संमती लागत होती, आणि मे १९५९ मध्ये ती मिळाली नाही. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनीच पाठ फिरवली. आपापल्या खाणींचे आपण बघू, हा त्यांचा रोख. कागदावर युरोपातले सर्वांत बलवान असलेले मंडळ तोंडघशी पडले ते पुन्हा नीट उभे राहिले नाही.

मोने तोवर निघून गेला होता. युरोपीय सैन्याचा करार फ्रेंच संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी फेटाळला, आणि ‘अधिराष्ट्रीय’ हा शब्द पॅरिसच्या राजकारणात शिवीसारखा झाला. म्हणून २५ मार्च १९५७ च्या रोम करारात तो शब्द शोधून सापडत नाही. उच्चाधिकार मंडळाच्या जागी तेथे नुसते ‘आयोग’ आले. हुकूम काढण्याचा अधिकार बहुतांशी मंत्र्यांच्या परिषदेकडे गेला, स्वतःचा करही गेला. बदल्यात आयोगाला एक गोष्ट मिळाली, जिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी निरखून पाहिले नसावे : कायद्याचा प्रस्ताव फक्त आयोगाने मांडायचा, आणि मंत्र्यांना त्यात फेरफार करायचा असेल तर एकमत हवे. म्हणजे प्रस्ताव आहे तसा स्वीकारायला पुढेमागे बहुमत पुरेल, बदलायला मात्र सगळे लागतील. माझ्या मते मोनेच्या भव्य नावापेक्षा या कोरड्या कलमात अधिक बळ होते.

पहिले अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन. कायद्याचे प्राध्यापक, अमेरिकेत युद्धकैदी असताना छावणीतच विद्यापीठ चालवणारे. आयोग म्हणजे उद्याचे युरोपचे सरकार, असे त्यांना मनापासून वाटे. परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे ते राष्ट्रप्रमुखाच्या थाटात स्वीकारत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे कोणी म्हणेल. पण सुरुवातीची सात वर्षे त्यांच्या बाजूने गेली. डच शेतकरी असलेले सिको मान्सहोल्ट आयोगात शेतीचे काम पाहत. १९६१ च्या अखेरची मुदत टळू नये म्हणून मंत्र्यांनी घड्याळे थांबवून जानेवारीच्या मध्यापर्यंत रात्रीमागून रात्री बैठका चालवल्या आणि सामायिक शेतीधोरण उभे राहिले. त्यातून फ्रेंच शेतकऱ्याचे सर्वांत भले होणार होते, आणि हालश्टाइन यांनी आपला डाव त्यावरच लावला.

मार्च १९६५ मध्ये आयोगाने तीन गोष्टी एकत्र बांधल्या : शेतीधोरणाला पैसा, आयात जकातीचे उत्पन्न थेट समुदायाच्या खजिन्यात, आणि त्या खजिन्यावर युरोपीय संसदेची अधिक देखरेख. पहिली गोष्ट द गॉल यांना हवी होती, उरलेल्या दोन मुळीच नको होत्या. वर हालश्टाइन यांनी हे आधी संसदेत सांगितले, सरकारांना नंतर. ३० जूनची मुदत संपत आली. सभेचे अध्यक्षस्थान त्या सहामाहीत फ्रान्सकडे होते. मध्यरात्र उलटली. या वेळी घड्याळ थांबवायला फ्रेंच परराष्ट्रमंत्री कूव्ह द म्यूर्व्हिल तयार नव्हते. पहाटे दोनच्या सुमारास त्यांनी सभा संपवली. फ्रान्सने ब्रसेल्समधला आपला कायमचा प्रतिनिधी परत बोलावला आणि सात महिने मंत्र्यांच्या परिषदेत फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली.

द गॉल यांचा राग केवळ शेतीच्या पैशांवरचा नव्हता. १ जानेवारी १९६६ पासून अनेक विषयांत बहुमताने निर्णय सुरू होणार होते. सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत त्यांनी आयोगाला मायदेश नसलेल्या, कोणालाही जबाबदार नसलेल्या तंत्रज्ञांचे मंडळ ठरवले. हा आक्षेप नुसता अहंकार म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण त्यात तथ्य होते. हालश्टाइन यांना कोणी मत दिलेले नव्हते. द गॉल यांना दिले होते. मात्र ती मतेही गृहीत धरता येत नव्हती, हे डिसेंबरमध्ये दिसले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत त्यांना बहुमत मिळाले नाही. शेतकरी नाराज होते. बाकीचे पाच देशही फुटले नाहीत.

जानेवारी १९६६ च्या अखेरीस लक्झेंबर्गमध्ये तडजोड झाली. तिची मौज अशी की त्या कागदात सहमती नाही, मतभेदाची नोंद आहे. एखाद्या देशाचे अतिमहत्त्वाचे हित गुंतले असेल तर एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवावी, असे फ्रान्सचे मत. एकमत झालेच नाही तर काय, याबाबत सहा जणांत एकवाक्यता नाही, एवढे लिहून सगळे कामाला लागले. शिवाय आयोगासाठी सात मुद्द्यांचे वळण : मोठे प्रस्ताव जाहीर करण्यापूर्वी सरकारांशी बोलावे, आणि राजदूतांची अधिकारपत्रे परिषदेच्या अध्यक्षासह स्वीकारावीत. थाट गेला. जुलै १९६७ मध्ये तिन्ही समुदायांची कार्यकारी मंडळे एकत्र झाली, उच्चाधिकार मंडळ संपले, नववे कलम रद्द झाले. हालश्टाइन यांना फ्रान्स थोड्याच महिन्यांची मुदत द्यायला तयार होता. त्यांनी ती नाकारली. नवे अध्यक्ष बेल्जियमचे झाँ रे.

पुढची दोन दशके नकाराधिकाराच्या सावलीत गेली, पण प्रस्तावाचे कलम कोणी काढले नाही. १९८५ मध्ये झाक दलोर आले, तेही फ्रेंच. एकसंध बाजारपेठेसाठी सुमारे तीनशे कायद्यांची यादी आयोगाने मांडली, आणि १ जुलै १९८७ पासून त्यांतल्या बहुतेकांसाठी बहुमत पुरे झाले. १९५७ चे ते कोरडे कलम तीस वर्षांनी कामाला आले. अधिराष्ट्रीय हा शब्द उच्चारण्याची गरजही दलोर यांना पडली नाही.

हालश्टाइन यांचा हिशेब संसदेच्या बाबतीत वेगळ्याच रीतीने चुकता झाला. १९७९ पासून ती थेट लोकांच्या मतांनी निवडली जाऊ लागली. १९९८ च्या डिसेंबरात तिने आयोगाचे हिशेब मंजूर करायला नकार दिला. स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने गैरव्यवहार आणि वशिलेबाजीवर बोट ठेवले. आणि मार्च १९९९ मध्ये झाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालच्या संपूर्ण आयोगाने राजीनामा दिला. ज्या संसदेला बळ देण्यासाठी आयोगाने १९६५ मध्ये सर्वस्व पणाला लावले, तिनेच त्याला घरी पाठवले.

पॅरिसचा करार पन्नास वर्षांचा होता. २३ जुलै २००२ रोजी तो संपला. कोळसा आणि पोलाद यांच्या समुदायाची शिल्लक मालमत्ता एका निधीत गेली, तिच्यात उत्पादनावरच्या त्या जुन्या आकाराचा पैसा होता. त्या निधीतून कोळसा आणि पोलादावरच्या संशोधनाला आजही मदत मिळते, आणि त्याचा कारभार ब्रसेल्समध्ये आयोग पाहतो.